बिनवासाचा कोट

३ मार्च

वन्सं,

पत्र बघून घाबरू नका, कोणी गेलेलं नाही. फोन केला असता, पण आपला फोन असतो दुकानाच्या काउंटरवर, काउंटरवर असतात तुमचे दादा, आणि विषय तेच आहेत.

गेल्या महिन्यात हे दोनदा दुकानाच्या पायऱ्यांवरून पडले. आपल्या दुकानाला पायरी एकच आहे, हे तुम्हाला आठवत असेल. हात थरथरतात. पावती लिहून दिली की गिऱ्हाईक आधी उलटी धरून बघतं, मग सुलटी. परवा वकिलांचा काळा कोट बँडवाल्याला दिला आणि बँडवाल्याचा लाल, सोनेरी गोंड्यांचा, वकिलांच्या घरी पाठवला. वकील तो घालून कोर्टात गेले नाहीत, एवढीच काय ती कृपा.

डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय करता, तर म्हणाले, दिवसभर औषधात हात असतो. आपल्याकडे ड्रायक्लीनिंगच्या त्या द्रावाला औषध म्हणतात हे डॉक्टरांना काय माहीत. ते म्हणाले, छान, वेळच्या वेळी घेत जा. मला मध्ये पडून पिंपापासून सगळं सांगावं लागलं. मग मात्र ते बराच वेळ पेनचं टोपण लावत-काढत बसले. म्हणाले, त्याची वाफ नसांत उतरते, डोक्यात उतरते. आता थांबवलंत तर गेलेल्यातलं थोडं परत येईल. नाही थांबवलंत तर उरलेलंही जाईल. औषध सोडा नाहीतर दुकान सोडा.

हे दोन्ही सोडायला तयार नाहीत. म्हणतात, बाबांनी जन्म याच वाफेत काढला, त्यांना काय झालं? बाबा पन्नाशीत गेले, पण ते काही होणं नव्हे, असं यांचं म्हणणं.

तर वन्सं, तुम्ही इतकी वर्षं तिकडे त्या संस्थेत कोणालाही अपाय न करणारं रसायन शोधताय. सापडलं असेल तर थोडं घरी पाठवा. उत्तर शेजारच्या रफूवालीच्या पत्त्यावर टाका. तिला वाचता येतं, पण ती वाचणार नाही, कारण मीच तिला सगळं आधी सांगितलंय.

तुमची,
वहिनी


१२ मार्च

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वाचून दोन दिवस कामात लक्ष नव्हतं. डॉक्टर बरोबर सांगतायत. ते द्रावक फक्त दादालाच खातंय असं नाही. यंत्रातून निघालेला काळा गाळ बाबा मागच्या गटारात ओतायचे, दादाही ओतत असणार. तो जमिनीखालच्या पाण्यात जाऊन बसतो आणि पुढच्या दोन पिढ्या तिथून हलत नाही.

आमच्या हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वं आहेत. त्यातलं पहिलंच असं, की घाण करून मग निस्तरत बसण्यापेक्षा मुळात घाणच होऊ देऊ नये. शाश्वत विकासाचा पाया हाच.

आता कामाचं. आमच्या गटाने शेतातल्या टाकाऊ भुशापासून कपड्यांसाठी नवं द्रावक तयार केलंय. बिनविषारी आहे, बिनवासाचं आहे, पुन्हा पुन्हा गाळून वापरता येतं, सांडलं तर काही आठवड्यांत त्याची माती होते आणि ते कोणाच्या मागे लागत नाही. प्रयोगशाळेत चाळीस तऱ्हांच्या कापडांवर वापरून झालंय. आता खऱ्या दुकानात वापरून बघायचंय. मी आपलं नाव दिलं आणि संचालकांनी सही केली.

दादाला मात्र तब्येतीचं बोलू नकोस. तो हट्टाला पेटेल. त्याला सांग, संस्थेने सगळ्या दुकानांतून आपलं निवडलंय. आमचा तंत्रज्ञ येऊन यंत्राच्या रबरी चकत्या बदलेल आणि जुन्या औषधाची सगळी पिंपं घेऊन जाईल. ती संस्थेत नीट नष्ट करतात.

तुझी नणंद


९ एप्रिल

वन्सं,

तुमची युक्ती लागू पडली. निवड झाली म्हटल्यावर हे दाढी करून बसले. तंत्रज्ञ आला, चकत्या बदलल्या, पिंपं नेली. बाहेर तुमच्या संस्थेचा फलक लागला, 'शाश्वत विकासाकडे एक पाऊल'. फलक प्लास्टिकचा आहे. मी काही बोलले नाही, पाहुण्याच्या चपला मोजू नयेत.

तुमची बारा तत्त्वं मी रफूवालीला सांगितली. ती म्हणाली, पहिलं तर माझी आई मला रोज सांगायची, बाकीची अकरा कशाला लागली? ते सोडा. पण बिनविषारी, बिनवासाचं आणि कोणाच्या मागे न लागणारं, असं मला सासरच्या एकाही माणसाबद्दल लिहिता आलं नसतं. तुमच्या द्रावकाबद्दल मला आदर आहे.

कपडे तर असे निघाले की मीच उलटसुलट करून बघत बसले. वकिलांच्या कॉलरीवरचा वर्षानुवर्षांचा तेलकट डाग गेला. आता वकील येऊन काय म्हणाले ऐका. त्यांनी कोट घेतला, नाकाला लावला आणि काउंटरवर परत ठेवला. म्हणाले, हा धुतलाच नाही. यांनी डाग दाखवला, म्हणजे डागाची रिकामी जागा दाखवली. वकील म्हणाले, डाग तुम्ही चोळून काढला असेल, पण कोटाला ड्रायक्लीनिंगचा वास कुठे आहे? पुरावा काय? मग बँडवाला आला, त्याचंही तेच. एका बाईंनी साडी घेऊन जाऊन, दुसऱ्या दुकानात पुन्हा धुऊन, आम्हाला वास दाखवायला आणली. आठवडाभर दुकानात माशा मारल्या. हे रात्री जेवत नव्हते.

आणि मग एकाएकी सगळं सुरळीत झालं. गेले आठ दिवस गिऱ्हाईक खूश आहे. वकीलसुद्धा कोट हुंगून, मान डोलवून घेऊन गेले. सवयीने माणूस कशालाही रुळतो म्हणा.

फक्त यांचं डोकं दुखायचं आणि गरगरायचं काही थांबत नाही. उलट वाढलंय. आता तर हे यंत्राकडे फिरकतही नाहीत, ते मीच बघते, हे दिवसभर काउंटरवर बसून असतात, तरी संध्याकाळी उठताना भिंत धरतात. परवा भिंत समजून हँगरची दांडी धरली आणि सतरा शर्टांसकट खाली आले. तुमच्या भुशात काही दोष नाही ना? दुकानात वासाचं म्हणाल तर मला येतो थोडा, पण तो मला लग्नापासून येतोय. भिंतीत मुरला असेल.

वहिनी


२० एप्रिल

प्रिय वहिनी,

आमच्या द्रावकात दोष असणं शक्य नाही. मासे, गांडुळं आणि तीन प्रकारच्या शेवाळांवर चाचण्या झाल्यात आणि सगळी मजेत आहेत.

मला वाटतं, हा मनाचा भाग आहे. बदलाची धास्ती घेतली की शरीर जुनी लक्षणं धरून ठेवतं. आमच्या अहवालात 'कामगाराची डोकेदुखी थांबली' असं वाक्य आहे. तो गेल्या आठवड्यात छापायला गेला. म्हणजे लिहायचं काम झालंय, आता दादाने बरं व्हायचं तेवढं राहिलंय.

तरी खात्री असावी म्हणून सोबत एक बिल्ला पाठवतेय. त्याच्या आत कोळशाची पूड आहे, ती भोवतालच्या हवेतली वाफ शोषून घेते. दादाने कामाच्या वेळात आठवडाभर तो कॉलरला लावायचा, मग त्याच डबीत बंद करून मला परत पाठवायचा. वाफ शून्य निघेल आणि तुझा जीव भांड्यात पडेल.

संचालक म्हणतायत, अहवालाचं मुखपृष्ठ अजून छापायचंय, त्यावर दादाचा बिल्ला लावलेला फोटो टाकू. एक काढून पाठव. हसरा.

तुझी नणंद


६ मे

वन्सं,

बिल्ला आणि फोटो सोबत आहेत. फोटो हसरा नाही, पण डोळे उघडे असलेला हा एकच निघाला.

बिल्ला कशासाठी आहे हे यांना सांगितलं नाही, तर यांनी स्वतःच ठरवलं की तो संस्थेने दिलेला मान आहे. आठवडाभर गिऱ्हाइकांना छाती पुढे काढून दाखवत होते. बँडवाल्याने विचारलं, कोणत्या लढाईतला? म्हणाले, पर्यावरणाच्या. कोपऱ्यावरचे म्हातारे वारले, तिथेही लावून निघाले होते. मी दारातच काढून घेऊन डबीत बंद केला. रडणाऱ्या माणसांच्या वाफा मोजून तुम्हाला काय मिळणार.

मनाचा भाग म्हणालात, त्यावर मी विचार केला. काल यांच्या मनाला स्वतःच्या शर्टाची बटणं लावता आली नाहीत. मी लावून दिली. हे खिडकीबाहेर बघत उभे राहिले, मीही बटणांकडेच बघितलं.

अहवालातलं वाक्य खरं व्हायला किती दिवस लागतात, ते कळवा.

वहिनी


१९ मे

वहिनी,

लगेच लिहितेय. बिल्ल्याची तपासणी झाली. त्यात जुनं औषध सापडलंय. थोडंथोडकं नाही. जुन्या औषधावर यंत्र चालू असताना साधारण अशा दुकानाच्या हवेत जेवढं असतं, त्याच्या तिप्पट.

मी दोनदा तपासून घेतलं. संचालक म्हणाले, बिल्ला बिघडलेला असेल, योग्य उत्तर येईपर्यंत पाठवत राहू. पण बिल्ला बिघडलेला नाही आणि भुशातून ते औषध निघणं कोणत्याही रसायनशास्त्रात बसत नाही. ते दुकानात कुठेतरी आहे, उघडं आहे आणि दादाच्या अगदी जवळ आहे.

मनाचा भाग वगैरे मी जे लिहिलं ते विसर. दुकान हुंग. तुझ्या नाकावर भरवसा नसेल तर दुसरं कोणाचं तरी घे.

नणंद


२७ मे

वन्सं,

रफूवालीचं नाक घेतलं. हे पोस्टात गेले होते, तेवढ्यात तिला काउंटरच्या आत उभं केलं. ती दोनदा फेरी मारून खाली वाकली, पदर नाकाला लावला आणि रद्दीचा गठ्ठा बाजूला सारला.

काउंटरखाली, यांच्या पायांपासून वीतभर अंतरावर, एक पसरट घमेलं होतं. त्यात काठोकाठ जुनं औषध. औषधात अर्धा बुडवून अर्धा वर टांगलेला टॉवेल, म्हणजे औषध वर चढून वास चांगला सुटावा. टॉवेलच्या मागे लहान टेबलफॅन, तोंड गिऱ्हाइकाकडे. बाजूला एक बाटली आणि कापसाचा बोळा. धुतलेला कपडा देण्याआधी त्याच्या अस्तराला लावायचा, काखेत. तुमचा तंत्रज्ञ पिंपं मोजून घेऊन गेला, पण एक पिंप यांनी आधीच जिन्याखाली पायपुसण्यांच्या मागे सारून ठेवलं होतं. पूर्वी हे औषध निदान यंत्रात झाकणाआड फिरायचं. आता दिवसभर उघड्यावर, पंख्याने वारा घालून यांना पाजलं जात होतं. गिऱ्हाईक पाच मिनिटं यायचं नि जायचं. हे आठ-आठ तास बसायचे.

हे परत आले तेव्हा मी घमेलं काउंटरवर ठेवलं होतं. रफूवाली जायला निघाली, तर मी तिला थांबवलं. साक्षीदार असलेला बरा, वकिलांकडून एवढं शिकलेय.

मी विचारलं, "हे काय आहे?"

"वास."

"कशाला?"

"लोकांना लागतो. वास आला की कपडा धुतल्यासारखा वाटतो त्यांना. धाकटीने सगळं पाठवलं, तेवढं पाठवायला विसरली."

"आणि तुम्हाला? तुम्ही दिवसभर बसता त्यात."

हे म्हणाले, "मला कुठे येतो."

मी आधी समजले नाही. मग खोदून खोदून विचारलं. वन्संबाई, तुमच्या भावाला कसलाच वास येत नाही. किती वर्षं, तेही सांगता येत नाही, कारण वास गेला तो काही एका दिवसात गेला नाही आणि जाताना सांगून गेला नाही. मग घमेलं किती भरायचं ते कसं कळायचं, म्हटलं. तर म्हणाले, वकिलांकडे बघून. वकिलांच्या डोळ्यांत पाणी आलं की समजायचं, पुरे. पण वकील हळूहळू रुळत गेले, पाणी येईना, म्हणून हे आणखी ओतत गेले.

मी माझं केसांचं तेल यांच्या नाकाखाली धरलं. म्हणाले, साबण. मग साबण धरला. म्हणाले, मघाचाच. नंतर रफूवालीने स्वतःच्या मनाने फिनेलची बाटली आणली. हे तिच्या तोंडाकडे बघून अंदाज घेत होते.

एवढ्या वर्षांत यांनी माझ्या स्वयंपाकाला कधी नावं ठेवली नाहीत. मला वाटायचं, माणूस चांगला आहे.

घमेल्यातलं आणि पिंपात उरलेलं औषध तुमच्या तंत्रज्ञाने दिलेल्या डब्यात भरून, झाकणाला मेण लावून ठेवलंय. कोणाला तरी पाठवा. मी ते गटारात ओतणार नाही, यांनी ओततो म्हटलं तरी. शाश्वत का काय ते तुम्ही म्हणता, त्याचा अर्थ मला एवढाच कळतो, की आपल्यानंतर या जागेत राहायला येईल त्याला आपल्याला शिव्या द्यायला कारण उरू नये.

वहिनी


५ जून

प्रिय वहिनी,

आधी डबा न्यायला माणूस पाठवला आणि मग लिहायला बसले.

इथल्या मज्जासंस्थेच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हात सुधारतील, चक्कर थांबेल. नाकाचं सांगता येत नाही. कधी येतं परत, कधी नाही. दादाला दुकानातून बाहेर काढ, मोकळ्या हवेत फिरव आणि दुकानाच्या खिडक्या महिनाभर उघड्या ठेव.

आम्ही चार वर्षं चाचण्या केल्या, वहिनी. कापड तपासलं, पाणी तपासलं, गांडुळांची विचारपूस केली. गिऱ्हाइकाला काय लागतं, हे आमच्यातल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही. तत्त्वं बारा आहेत, त्यांत गिऱ्हाईक नाही.

संचालकांना सगळं सांगितलं. अहवाल छापून आलाय, मुखपृष्ठावर दादा बिल्ला लावून उभा आहे. मी म्हटलं, तो परत घ्या. ते म्हणाले, डोकेदुखी थांबली हे खोटं नाही, फक्त थोडं लवकर लिहिलं गेलं. मी म्हटलं, मग माझं नाव काढा. नाव लगेच काढलं. माझ्या प्रकल्पाचा दुसरा टप्पाही त्याच दिवशी दुसऱ्याकडे गेला. तुझ्या दुकानाचं द्रावक मात्र बंद होणार नाही, तेवढं लेखी घेऊनच उठले.

पण घमेल्याची गोष्ट ऐकून संचालक अस्वस्थ होण्याऐवजी उत्साहात आले. म्हणाले, लोकांना वासच हवाय ना? मग निरुपद्रवी, मातीत विरघळणारा, अगदी जुन्या औषधासारखा वास बनवू. हरित वास. मंजुरी त्याच दुपारी मिळाली. मूळ द्रावकाच्या मंजुरीला दोन वर्षं लागली होती. नमुना महिन्याभरात तयार होईल. पाठवू का? दादाला अपाय होणार नाही आणि गिऱ्हाईक टिकेल. मला पटत नाही, पण दुकान तुमचं आहे. तू म्हणशील तसं.

नणंद


१४ जुलै

वन्सं,

वास पाठवू नका. एका घमेल्यातून निघून दुसऱ्यात पडायचं, तर निघायचं कशाला.

यांना दुकानात यायला बंदी केली. म्हणजे मी केली, आणि रफूवाली दारात पहारा देते. पहिला आठवडा माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात बोलले, तेव्हा पहिला आठवडा बरा होता असं वाटलं. वडिलांचं दुकान बायकोने बळकावलं असं कोपऱ्याकोपऱ्यावर सांगत फिरले. फिरले हे महत्त्वाचं, डॉक्टरांनी फिरायलाच सांगितलं होतं.

काउंटरवर मी बसले. पहिल्याच दिवशी वकील आले, कोट हुंगला आणि म्हणाले, धुतला नाही. मी समजावून सांगितलं, ते औषध विषारी आहे, माझा माणूस त्याने आजारी आहे. ते म्हणाले, वाईट वाटलं, पण कोटाला वास हवा. तेव्हा मला कळलं, की या माणसाशी खरं बोलून उपयोग नाही, व्यवहाराचं बोलायला हवं. दुसऱ्या दिवशी काउंटरवर पाटी लावली, 'धुलाई नेहमीच्या दरात. वास हवा असल्यास वेगळा आकार पडेल.'

वकिलांनी पाटी दोनदा वाचली. वास हा धुलाईतच धरलेला असतो, असा मुद्दा त्यांनी मांडला. मी म्हटलं, तो जुन्या दरात होता. मग त्यांनी कोट पुन्हा उचलला, पुन्हा हुंगला, उजेडात धरला. म्हणाले, "तसं पाहिलं तर ज्याला कसलाच वास येत नाही, तोच खरा स्वच्छ." हल्ली ते बाररूममध्ये सगळ्यांना हेच सांगतात, आणि स्वतः शोधून काढल्यासारखं. चार नवे काळे कोट आलेत. बँडवाल्याने तर विचारलं, बिनवासाचा कपडा देता म्हणून तुम्ही जास्ती घेत नाही ना?

वासासाठी एकानेही पैसे काढले नाहीत. काढले असते तर मी काय केलं असतं, ते मलाही ठाऊक नाही.

तुमच्या नावाचं आणि प्रकल्पाचं वाचून वाईट वाटलं. पण त्या अहवालावर नाव नाही हेच बरं. फोटोही तसा बरा नव्हता.

यांचे हात पुष्कळ सुधारलेत. बटणं स्वतः लावतात, एखादं चुकीच्या घरात जातं, पण ते मी दाखवत नाही. भिंत धरत नाहीत. नाकाला मात्र काही फरक नव्हता. मी रोज नवीन काहीतरी समोर धरायची, हे रोज माझ्या चेहऱ्याकडे बघून उत्तर द्यायचे. मग मी धरायचं सोडून दिलं. परीक्षा घेणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसणं हे काही माणसाचं जगणं नव्हे.

आज सकाळी गॅसवर दूध ठेवून मी दारात रफूवालीशी बोलत उभी होते. बोलणं लांबलं. हे आतल्या खोलीत पेपर वाचत बसले होते, मधलं दार लोटलेलं. आतूनच म्हणाले, "दूध लागतंय वाटतं."

मी आत येऊन बघितलं. खरंच लागत होतं. कडेने पिवळं झालं होतं. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं आणि माझं तोंड यांना दिसत नव्हतं.

मी गॅस बंद केला नाही.

थोड्या वेळाने हे पुन्हा म्हणाले, "अगं, करपलं." मी भिंतीला टेकून उभी राहिले. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, हे उठून दारात आले, पातेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि नाक मुरडून म्हणाले, काय घाण वास सुटलाय घरात, तुझं लक्ष असतं कुठे.

तिसऱ्यांदा बोलले, तेव्हा बंद केला.

तुमची,
वहिनी